निम्म्या बोरूचं दुखणं

त्या राज्यात आजार सगळ्यांनाच होत. दुखे मात्र फक्त नरांना. तळ्याकाठच्या वैद्यशाळेत हे केव्हाच सिद्ध झालं होतं.

वैद्यशाळा बगळ्यांची. पांढरीशुभ्र पिसं, लांब चोच आणि एका पायावर तासन्‌तास उभं राहण्याची सवय; वैद्य व्हायला आणखी काय लागतं? दुखणं मोजायला त्यांच्याकडे दहा पेरांची बोरूची काठी होती. दुखणं जितकं मोठं, तितक्या वरच्या पेराला रोग्यानं चोच लावायची. सहा किंवा त्याच्या वर गेलं की उपचार, खाली राहिलं की घरी. मादी आली की तीच काठी आधी निम्मी चिखलात खुपसत. वर पाचच पेरं उरत. साहजिकच सगळ्या माद्या घरी जात, आणि आचार्य दीर्घचंचू दर वर्षी छाती फुगवून सांगत, "यंदाही एकाही मादीला गंभीर आजार झाला नाही."

काठी अशी का, हे विचारणारी शाळेत एकच शिष्या होती, बकुळी. तिला भांडी विसळायला बसवलं होतं.

"चिरफाडीला दम लागतो, मॅडम," तिच्या वर्गातला श्वेतांक म्हणे.

"उद्या ही अंड्यांवर बसणार," दुसरा म्हणे. "एका नराची सीट फुकट गेली."

शिकायला आणलेल्या मेलेल्या पारवीला ते लाडाची नावं ठेवत, तिची पिसं उचकून एकमेकांना डोळे मारत. बकुळीनं मान फिरवली की, "अगं, गंमत गं! हसत जा जरा." आचार्यही हसत. हसताना त्यांच्या चोचीतून शिळ्या बेडकाचा वास येई.

एके दिवशी श्वेतांकाची आईच आली. मान सुजलेली, श्वासाला घरघर.

"गिळताना टोचतंय रे, श्वेत्या."

"आई, इथे श्वेत्या नको ना म्हणूस," तो पुटपुटला. आचार्य बघत होते. त्यानं काठी चिखलात खुपसली, निम्मीहून अंमळ जास्तच.

आईनं टोकाकडे मान उचलली. मग लेकाचा चेहरा पाहिला, आणि चोच खाली आणून दुसऱ्या पेराला लावली.

"दोन," श्वेतांकानं जाहीर केलं.

"सर, घसा बघू द्या, जीव जाईल त्यांचा!" बकुळी उठली. "त्यांनी आकडा कमी करून सांगितलाय."

"म्हणजे माद्या खोटं सांगतात, हे तूच कबूल केलंस," आचार्य म्हणाले.

सगळे खदखदून हसले. श्वेतांक सगळ्यांत मोठ्यानं. बकुळी चोच उघडून पुढे धावली, तशी दोघांनी पंख पसरून तिची वाट अडवली.

"राहू दे गं पोरी," आई कशीबशी म्हणाली. "त्याची परीक्षा जवळ आलीय." कुणाच्या पायात येऊ नये म्हणून ती जरा बाजूला सरकून बसली, आणि आवाज न करता मेली.

"ताजं आहे, उघडा," आचार्य म्हणाले.

घसा उघडला तसा भपकारा आला. आत पुवात माशांचे काटे गच्च बसले होते, थरावर थर. त्या राज्यात घरट्यात मासा आला की मांस आधी नर पिल्लाला, मग बापाला. उरेल ते आई गिळे, आणि पोट भरलं म्हणे. या काट्यांवर मांसाचा कण नव्हता. होत्या त्या एका कोवळ्या चोचीच्या खुणा.

बकुळीनं त्यातला एक काटा उचलला. ओळीत उभ्या नरांपैकी एकेकाच्या चोचीशी तो धरून बघू लागली.

"हा कुणी सोललाय?"

श्वेतांकानं हळूच आपली चोच चिखलात खुपसली, पार डोळ्यांपर्यंत. शेजारच्याला काय आठवलं कोण जाणे, त्यानंही खुपसली. मग त्याच्या शेजारच्यानं. ओळ शेवटपर्यंत वाकली.

आचार्यांची चोच सगळ्यांत लांब. तिला जरा वेळ लागला.