नाव झाकलेले घड्याळ

सांगलीच्या घड्याळप्रेमी मंडळाचे अध्यक्ष मानसिंगराव डुबल यांनी ठराव मांडला, की ज्याच्या मनगटावर नामांकित परदेशी घड्याळ नसेल, त्याचे सभासदत्व रद्द व्हावे. त्यांची नजर दमयंतीबाई केळकरांच्या जुन्या, चावीच्या घड्याळावर होती.

बाई उठल्या. "रावसाहेब, तुमचे घड्याळ देखणे आहे, ते घडवणाऱ्या हातांना माझा नमस्कार. फक्त डायलवरच्या नावावर चिकटपट्टी लावा आणि दोन्ही घड्याळे शेजारी ठेवा. सभेने तुमचे श्रेष्ठ ठरवले, तर मी आपण होऊन जाईन."

मानसिंगरावांनी झटकन मनगट झाकले. "वा, बाई! नावच झाकले, तर उरले काय?"

"माझ्या घड्याळात वेळ उरते," बाई म्हणाल्या.

सभेत हशा पिकला आणि ठराव पडला. परमेश्वराने सर्वांना सारखाच दिलेला क्षण कोणाच्याही नावाने मोठा होत नाही.