पहिल्या नंबरचा पाकोळा

एका जंगलाला लागून कुंभारांची एक वाडी होती, आणि तिथल्या रखमाजी कुंभाराच्या परसात एक पाकोळा राहत असे. पाकोळ्या तुम्ही पाहिल्या आहेत. विजेच्या तारेवर ओळीनं बसतात, शेपटी दुभंगलेली, आणि उडता उडता चिलटं गट्ट करतात. ज्यांनी पाहिल्या नसतील त्यांनी पुस्तकात खुपसलेलं नाक काढून जरा खिडकीबाहेर घालावं.

रखमाजीची जी मडकी भट्टीत वाकडी होत, त्यांना बाजारात कुणी हात लावत नसे. म्हणून तो ती उंच बांबूंना आडवी टांगून ठेवी. उन्हाळा लागला की पाकोळ्यांचा थवा यायचा, एकेका मडक्यात एकेक संसार थाटायचा, पिल्लं मोठी करायचा आणि थंडीची चाहूल लागली की समुद्रापलीकडच्या उबदार मुलखात निघून जायचा. आपला पाकोळा मात्र परत आला की काम कमी आणि बोलणं जास्त. "समुद्र? हे एवढंसं डबकं! मी तर एका दमात पार! आणि पलीकडे काय एकेक हत्ती! त्यांच्या कानावर बसून मी माशा खाल्ल्यात." पिल्लं मडक्यांतून माना बाहेर काढून ऐकत राहायची आणि चोचीतला घास गिळायला विसरायची.

आता तुम्हाला म्हणून सांगतो, पिल्लांना सांगू नका. हा बहाद्दर समुद्रापर्यंत कधी गेलाच नव्हता. पहिल्याच वर्षी पंख दुखायला लागले म्हणून तो डोंगरापलीकडच्या तळ्यावर जरा टेकला. तिथे ऊन छान, चिलटं भरपूर. तो तिथेच राहिला. वाटेत कितीतरी वाड्यांचे थवे एकत्र येत, आभाळ काळं होऊन जाई. त्या गर्दीतून कोण गळालं हे कुणाला कळणार? थंडी सरल्यावर परत आला तर सगळे विचारू लागले, "कसा वाटला रे समुद्र?" लाजेपोटी तो म्हणाला, "छान." एवढंच. पण खोट्याला एकदा दूध घातलं की ते रोज दारात येऊन बसतं. दुसऱ्या वर्षी समुद्रात लाटा आल्या, तिसऱ्या वर्षी पलीकडे हत्ती आले.

मग एका उन्हाळ्यात अनसूयाबाई नावाच्या एक बाई परसात आल्या. कोणतं पाखरू कुठे जातं हे शोधून काढायचा त्यांना भारी नाद. उजाडता उजाडता त्यांनी मडक्यांसमोर केसासारखी बारीक जाळी लावली. तिच्यात सगळ्यांत आधी अडकला तो आपला पाकोळा, कारण तो मागे वळून पिल्लांना काहीतरी सांगत उडत होता. बाईंनी त्याला अलगद सोडवलं, कापडाच्या पिशवीत घालून तोललं, मोजपट्टी लावून पंख मोजले आणि पायात एक लाल कडं चढवलं. कड्यावर रखमाजीच्या परसाची खूण आणि पुढे आकडा : १. त्यानंतर जो जो सापडला त्याला दोन, तीन, चार अशी कडी घालत बाईंनी सगळ्यांना सोडून दिलं.

"पहिला नंबर!" पाकोळा तारेवर बसून ओरडला. "अख्ख्या वाडीत पहिला! वजन केलं, पंख मोजले, रीतसर परीक्षा घेतली, आणि हे बघा!"

"अरे, तू जाळ्यात आधी सापडलास म्हणून एक," शेवग्यावरचा कावळा म्हणाला. "वेंधळेपणात पहिला आलास असं म्हण हवं तर."

"तुला आहे का कडं?"

"नाही बुवा."

"मग गप बस. नापास!"

कावळा खरंच गप्प बसला. नापास म्हटल्यावर भलेभले गप्प बसतात.

त्या दिवसापासून पाकोळ्याची बसायची तऱ्हाच बदलली. सासुरवाडीला गेलेला जावई नवा जोडा दाखवत बसतो, तसा तो कड्याचा पाय पुढे काढून बसे. शेजारच्या मडक्यात सतरा नंबरची एक अबोल पाकोळी राहायची. ती एकदा हळूच म्हणाली, "भाऊ, पाय आखडेल तुमचा."

"तुझं बरं आहे," पाकोळा म्हणाला. "सतरावीला दाखवायला असतंय काय?"

थंडी आली तसा तो नेहमीप्रमाणे थव्यातून गुपचूप निसटून तळ्यावर उतरला. तिथे एक दाढीवाले गृहस्थ तिपाईवर लांबलचक दुर्बीण लावून बसत. ती आपल्यावर रोखलेली पाहून पाकोळा नुसता फुलून जाई. "बघा, बघा. सावकाश बघा," असं म्हणत पाय आणखी पुढे. आभाळ भरून आलं असेल त्या दिवशी तो अगदी जवळच्या तारेवर येऊन बसे. पाहुण्यांची गैरसोय नको!

पुढचा उन्हाळा आला, पाऊस येऊन गेला, आणि निघायची वेळ झाली. थव्याला वाट दाखवायचं काम वर्षानुवर्षं एक म्हातारी पाकोळी करत असे. सगळे तिला आत्या म्हणत. बाकीचे फक्त पुढच्याची शेपटी बघून उडत. त्या वर्षी आत्यानं सगळ्यांना तारेवर गोळा केलं.

"पोरांनो, माझा डावा पंख आता साथ देत नाही. समुद्र माझ्याच्यानं व्हायचा नाही. मी इथेच राहीन, माझं जे व्हायचं ते होईल. यंदा पुढे पहिल्या नंबरानं राहावं. तो सांगतो त्यातलं निम्मं जरी खरं असलं, तरी त्याच्याइतकी वाट दुसऱ्या कुणाला ठाऊक नसणार."

पिल्लांनी एकच कल्ला केला. "काका, हत्ती दाखवाल?" "काका, तुमच्या शेपटीमागे मी!" "नाही, मी!"

पाकोळा मात्र तारेवर मागे मागे सरकू लागला. तळ्याच्या पुढचं आभाळ त्याला सगळीकडून सारखंच होतं. ही एवढीशी पिल्लं आपल्या शेपटीवर डोळे ठेवून निघणार, आणि समुद्रावर वाट चुकली तर टेकायला एक काटकीसुद्धा मिळायची नाही. बरं, खरं सांगावं, तर वाडीत तोंड दाखवायची सोय राहत नाही. त्यानं लंगडून पाहिलं.

"पायानं उडतोस होय रे?" कावळ्यानं विचारलं.

मग त्यानं खोकून पाहिलं. तर एका पिल्लानं स्वतःच्या चोचीतलं चिलट आणून त्याच्यापुढे धरलं. "काका, खा. बरं वाटेल." पाकोळ्यानं ते चिलट त्याच पिल्लाच्या चोचीत परत घातलं.

निघायच्या दिवशी सकाळी अनसूयाबाई पुन्हा आल्या. उशिरा जन्मलेल्या पिल्लांना कडी घालायची राहिली होती. वर तारेवर सगळा थवा तयार होऊन बसलेला, पाकोळा सगळ्यांच्या पुढे, आणि खाली रखमाजी चाकावर माती चढवत होता.

"काय बाई," रखमाजीनं विचारलं, "आमची पाखरं जातात तरी कुठवर? लागला का काही पत्ता?"

"लागला तर! तुमची सतरा नंबर मागच्या थंडीत वादळात थव्यातून फुटली. एका गलबतावर उतरली, तिथल्या खलाशानं तिचं कडं वाचून कळवलं. आम्ही म्हटलं, गेली बिचारी. तर काही दिवसांनी ती पलीकडच्या किनाऱ्यावर दिसली. एकटी गेली, रखमाजीबुवा, एकटी!"

"शाबास गं माझी बाई! आणि आमचा एक नंबर?"

बाई हसायला लागल्या. "तो कुठे जातोय! डोंगरापलीकडच्या तळ्यावर होता सगळी थंडी. तिथे आमचे एक स्नेही बसतात दुर्बीण लावून. ते म्हणाले, बाकीच्या पाखरांची कडी वाचताना डोळ्यांना पाणी येतं. असं आपणहून पाय पुढे करून बसणारं गुणी पाखरू जन्मात पाहिलं नाही!"

तारेवरच्या सगळ्या माना पाकोळ्याकडे वळल्या. मग एका पिल्लानं विचारलं, "काका, मग हत्ती?"

पाकोळ्यानं पाय हळूच पोटाच्या पिसांत ओढून घेतला. "हत्ती..." तो म्हणाला. "म्हशी होत्या रे त्या. तळ्यावर डुंबायला येतात. पण त्यांच्या कानावर मी बसलोय, अगदी शपथ."

असा हशा पिकला की शेवग्यावरचा कावळा हसता हसता फांदीवरून घसरला. हसू ओसरल्यावर पाकोळा खालमानेनं म्हणाला, "बाई बोलल्या ते बरं झालं. मला धीर होत नव्हता. तसाच घेऊन निघालो असतो तुम्हाला."

हे ऐकल्यावर मात्र कुणी हसलं नाही. आत्यानं त्या अबोल पाकोळीकडे मान वळवली. "सतरा, तू पुढे हो."

"आत्या, मला चारचौघांत बोलता येत नाही."

"बोलायचं कुणाला आहे? उडायचं आहे."

सतरा पुढे आली. पण निघण्याआधी तिनं मागे पाहिलं. उशिरा जन्मलेल्या पिल्लांच्या पंखांत अजून पुरतं बळ आलं नव्हतं. आणि आत्याही मागेच राहणार होती. सतरा पाकोळ्याजवळ येऊन बसली. "भाऊ, त्या तळ्याचं पाणी थंडीत आटतं का हो?"

"नाही. वरच्या अंगाला लव्हाळ्यात झरा आहे."

"आणि चिलटं?"

"उन्हं वर आली की म्हशींच्या मागे मिळतात. धुकं पडलं तर देवळाच्या मागच्या भिंतीपाशी. ती लवकर तापते. फक्त वठलेल्या बाभळीकडच्या तारेवर बसायचं नाही, तिथे ससाणा टपलेला असतो." पाकोळा भराभर बोलत होता, आणि त्यात एकही लाट नव्हती की हत्ती नव्हता.

"डोंगराएवढ्या उंचीवर उडणं जमेल ना पिल्लांना?"

"डोंगराला वळसा घालून नेईन. मध्ये दोनदा टेकवीन."

"मग यांना तुम्हीच न्या," सतरा म्हणाली, आणि थव्याला घेऊन समुद्राच्या दिशेनं निघून गेली. कावळा त्यांच्या मागे पार जंगलाच्या टोकापर्यंत ओरडत गेला. आपण निरोप द्यायला आलोय हे काही तो कबूल करणार नव्हता.

पाकोळ्यानं आत्याला आणि पिल्लांना सावकाश, टेकत टेकत तळ्यावर नेलं. पिल्लं म्हशींमागच्या चिलटांवर तुटून पडली. आत्या तारेवर बसली, डावा पंख उन्हात पसरला आणि डोळे मिटून घेतले. मग ती म्हणाली, "तुला एक सांगू का रे? दर वर्षी समुद्राकडे जाताना वरून मागे वळून पाहिलं की हे तळं दिसायचं. या तारेवर कुणीतरी एकटंच मजेत ऊन खात बसलेलं असायचं. तो तू होतास हे कुठे ठाऊक होतं! मला इतका हेवा वाटायचा त्याचा. खाली उतरावंसं वाटायचं. पण थव्याच्या पुढे मी. उतरले तर लोक काय म्हणतील, म्हणून उडत राहायची."

पाकोळ्यानं काहीतरी मोठं बोलायला चोच उघडली. तेवढ्यात एक चिलट आत शिरलं. ते त्यानं गिळलं, आणि आत्याला नीट ऊन लागावं म्हणून जरा बाजूला सरकून बसला.

तात्पर्य : आपण जिथवर गेलो तिथलीच वाट सांगावी. ती जवळची असली म्हणून लाजू नये. खरी असली, म्हणजे तिच्यावरून हात धरून नेण्याजोगं कुणीतरी भेटतंच.