शिळं पाणी

फार पूर्वी, तीन वर्षांतून एकदाच भिजणाऱ्या एका माळावर सरडेबुवा नावाचे हवामानतज्ज्ञ बाभळीवर राहत असत. एका हिवाळ्यात त्यांनी मान हलवत जाहीर केलं, "पंधरा दिवसांत भरपूर पाऊस पडेल."

"गेल्या अकरा हिवाळ्यांत इथे थेंब पडलेला नाही," तळ्यातली म्हातारी कासवीण म्हणाली.

"म्हणूनच यंदा पडणार, आजी," सरडेबुवांनी समजावलं.

एवढं शास्त्र माळाला पुरलं. सशांनी त्यांना शाल पांघरवली, मोराने भाषण केलं. आता नवं पाणी येणार म्हटल्यावर शिळं पाणी कुणी ठेवतं का? सगळ्यांनी मिळून तळं उपसलं आणि पाणी माळावर ओतून दिलं. आडवी आलेली कासवीण अडाणी ठरली.

पंधरा दिवस लख्ख ऊन पडलं. "अंदाज बरोबर होता, पाऊस चुकला," सरडेबुवा म्हणाले. सभेने पावसाचा निषेध केला. कासवीण पाणी शोधायला निघून गेली.

पुढच्या हिवाळ्यात सरडेबुवांनी पुन्हा भरपूर पाऊस सांगितला. जे ससे उरले होते, त्यांनी सरडेबुवांना पुन्हा शाल पांघरवली. या खेपेला मात्र कुणाचंच नुकसान झालं नाही, कारण ओतून द्यायला तळ्यात काही नव्हतंच.