परत जायची मुदत

"पण बुवा, जुनं मोडलं नव्हतं, बिघडलं नव्हतं. मग ते काढून घ्यायचा अधिकार यांना दिला कोणी?"

चिमणबुवा मठीच्या ओट्यावर बसून फाटकी झोळी शिवत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

"काय काढून घेतलं, शास्त्री? धोतर तर जागेवर दिसतंय."

दिगंबरशास्त्री आपटीकरांना हे आवडलं नाही. पंचक्रोशीतली लग्नं ज्याच्या शब्दावर लागतात, त्याच्या धोतरावर कुणी बोलू नये. पण टेकडीवरच्या या मठीत ते लहानपणापासून येत होते, आणि बुवांच्या तडाख्यातून सुटलेला माणूस त्यांनी अजून पाहिला नव्हता.

"कॉम्प्युटर, बुवा. डबा तोच, आतला कारभार बदलला. कित्येक महिने पडद्यावर पाटी यायची, नवीन घ्या, नवीन घ्या. मी आपला 'नंतर' दाबायचो. शेवटी घेतलं."

"असंच?"

"असंच कसं? गुरुपुष्य बघितला. डब्याला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, मग 'हो' दाबलं."

बुवांची सुई थांबली. या माणसाचे पाय धरावेत की कान, असा काहीसा विचार चालला असावा.

"मग?"

"सगळं सुरळीत चाललं होतं. अन् ऐन राहुकाळात त्यानं आपलं आपण बंद होऊन पुन्हा चालू व्हायचं ठरवलं!"

"पंचांग बघत नाही? नास्तिक दिसतंय."

"हसू नका. कोपऱ्यातलं बटण उठून मधे जाऊन बसलंय. माझ्याच घरात मलाच विचारतं, तुम्ही कोण, आकडे टाकून पटवा. कुंडलीचं जुनं सॉफ्टवेअर म्हणतं, मी यात चालणार नाही. आणि वर आज पाऊस पडेल म्हणून मला सांगतं. मला! ज्योतिष्याला!"

"पडला?"

"...पडला."

बुवा इतके हसले की झोळी मांडीवरून खाली गेली. डोळे पुसत त्यांनी विचारलं, "चहा घेता?"

"चहा सोडलाय."

"कोणत्या मुहूर्तावर?"



बुवांनी झोळी उचलून पुन्हा मांडीवर घेतली. "कुंडल्या गेल्या का सगळ्या?"

"नाही. कॉम्प्युटरच्या दुकानातल्या बाईंनी नवं सॉफ्टवेअर बसवून दिलं. निघतात कुंडल्या. खोटं कशाला बोलू, पहिल्यापेक्षा लवकर निघतात."

"अन् ते बटण?"

"सापडतं आता."

"मग अडलंय कुठं?"

"मला परत जायचंय, बुवा." शास्त्रींचा आवाज एकदम उतरला. "जुन्यावर परत जायची मुदत असते म्हणे. ती संपली. मुदत असते हेच मला कुणी सांगितलं नव्हतं."

बुवांनी सुई झोळीत टोचून ठेवली.

"बोला."

"जुनं सुरू व्हायचं तेव्हा एक आवाज यायचा. चार सुरांचा, छोटासा. सकाळी पूजा आटोपून मी बटण दाबलं की तो घरभर जायचा. मग स्वयंपाकघरातून आमची ही विचारायची, 'उठलं का हो तुमचं बाळ?' आणि चहाचं आधण ठेवायची."

इंदूताईंना जाऊन दोन दिवाळ्या उलटल्या होत्या.

"ती गेली, तरी आवाज यायचा. तो झाला की मी थांबायचो. विचारणार कोण? कुणी विचारायचं नाही. पण थांबायला जागा होती, बुवा. हे नवं मुकाट्यानं उजाडतं. थांबायचं कुठं, तेच कळत नाही..."

"दुसरा आवाज घालून मिळतो की."

"त्या बाईही तेच म्हणाल्या. दुसऱ्यानं काय होणार?"

"खरं आहे." बुवा जरा पुढे सरकले. "आणि ती विचारायची, तेव्हा तुम्ही काय म्हणायचा?"

शास्त्री जानव्याची गाठ चाचपत राहिले. लोकांच्या पुढच्या तीस वर्षांचं धडाधड सांगणारा माणूस, पण एवढ्याशा प्रश्नाला घसा खाकरत बसला.

"काही नाही. पोरकट वाटायचं ते. ग्रह मांडत असायचो... मनात यायचं कधी कधी, देऊ उत्तर उद्या."

"म्हणजे 'नंतर' दाबायचा."



बुवा उठले. गुडघे वाजले, त्यांनी गुडघ्यांनाही एक शिवी दिली, आणि आत चुलीपाशी गेले. भांड्यांची आदळआपट ऐकू आली. मग तीही थांबली. म्हातारा रागावला की विसरला, शास्त्रींना कळेना.

आतून हाक आली. आवाज बुवांचाच, तंबाखूनं खरवडलेला, जुन्या पत्र्यासारखा. त्यात इंदूताईंचं काही म्हणून नव्हतं.

"उठलं का हो तुमचं बाळ?"

शास्त्रींना संताप आला. थट्टा कशाची करावी याला काही धरबंध आहे की नाही, असं बोलायला त्यांनी तोंड उघडलं.

ते शब्द आलेच नाहीत...

ओट्याखाली अंग चाटत बसलेलं मांजर त्यांच्याकडे बघायला लागलं.

"उठलं," शास्त्री म्हणाले. नीट ऐकू गेलं नसेल असं वाटून पुन्हा म्हणाले, "उठलं गं."



बऱ्याच वेळानं बुवा दारात आले. हातात रिकामं पातेलं होतं. ते त्यांनी शास्त्रींच्या पुढे धरलं.

"मग आज चहा तुम्ही ठेवा."