तिसऱ्या जागेवरचे चिंचोके

"...पण हातात काहीच नसताना लावायचे तरी किती, बाबा? थोडे लावले तर समोरचा हटत नाही. जास्त लावले तर त्याला संशय येतो."

विचारणारा सौमित्र गद्रे. पोकरच्या स्पर्धांमध्ये त्याचं मोठं नाव होतं, आणि ते मोठं आहे हे तो स्वतःच चारचौघांना सांगत असे. पण गेल्या तिन्ही फायनलींत त्याचा ब्लफ, म्हणजे पानं नसताना मारलेली थाप, शेवटच्या डावात पकडला गेला होता. उद्या पणजीत चौथी. ही हरलो तर पुन्हा पत्त्यांना हात लावणार नाही, असा शब्द तो बायकोला देऊन बसला होता. पत्ते गेले तर आपण कोण उरतो, या विचाराने त्याची झोप उडाली होती.

खैरूबाबा फकीर एके काळचा पत्त्यांतला बाप माणूस. आता बांद्याजवळच्या एका जुन्या कबरस्तानात चिंचेखाली राहत होता.  त्याने झोळीतून पत्त्यांचा मळकट कॅट काढला आणि पानं वाटली. दोन सौमित्रला, दोन स्वतःला, दोन रिकाम्या जागेवर. तिन्हीकडे चिंचोक्यांचा एकेक ढीग ठेवला.

"तिसरा कोण?"

"तू खेळ."

पहिल्या डावात सौमित्रला दोन एक्के आले. त्याने तीन चिंचोके लावले. बाबाने पानं टाकली. म्हणजे डाव सोडला. रिकाम्या जागेवर काही हललं नाही.

दुसऱ्या डावात नुसता कचरा. त्याने बेधडक दहा लावले. बाबाने पानं टाकली...

सौमित्रने मान वर केली, तर त्याच्या दहांना भिडायला रिकाम्या जागेपुढचे दहा चिंचोके पुढे सरकलेले.

बाबाचे दोन्ही हात मांडीवर होते.

भर दुपारी सौमित्रच्या अंगावर सर्रकन काटा आला. हातचलाखी असणार, असं त्याने मनाला बजावलं. गडी हुशार, आपली चूकही त्याने ओळखली. खोटं खेळताना आपण जास्त लावतो. आता पानं कशीही येवोत, दर वेळी तीनच.

चांगली पानं आली. तीन. रिकामी जागा गप्प.

फालतू पानं आली. तीन. तो बाबाच्या हातांकडे डोळे ताणून बसला.

...चिंचोके जमिनीवर घासल्याचा बारीक आवाज आला. तीन.

"बाबा, बंद करा हे!"

"तूच कर की."

सौमित्र हट्टाला पेटला. पुढच्या डावात पुन्हा कचरा. त्याने उरलेला सगळा ढीग दोन्ही हातांनी लोटून दिला. चेहऱ्यावरची रेषही हलू दिली नाही. गेल्या तीन फायनलींतही ती हलली नव्हती.

समोरचा ढीग अख्खाच्या अख्खा, सावकाश पुढे आला.

सौमित्रने झडप घालून तिथली पानं उलटली. दुर्री आणि सत्ती. त्याच्या कचऱ्याहूनही हलकी.

"याच्याकडे तर काहीच नाही!" त्याचा आवाज चिरकला. "मग हा कशाच्या जोरावर..."

"तो पानं बघत नाही. तुला बघतो."

"तो म्हणजे कोण? बाबा, खरं सांगा... तुमच्या या कबरींतला आहे का कुणी?"

बाबा पहिल्यांदाच हसला. वाकून एकेक चिंचोका वेचू लागला.

"इथले सगळे गाढ झोपलेत रे. हा तुझ्याबरोबर आला."