चिंचेवरचं पांढरं फडकं

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. बोरसवाडीच्या शिवेबाहेर ज्या टेकाडावर आज शेळ्या बसतात, तिथं तेव्हा मिशनचा बंगला होता. सातासमुद्रापलीकडून आलेले पाद्रीसाहेब, त्यांची बायको एडिथ आणि चार वर्षांची रूथ, असं तिघांचं बिऱ्हाड. मडमेला औषधपाणी यायचं. तिचं नाव काही गावाच्या जिभेला वळेना, म्हणून ती झाली इदितबाई.

त्या साली आसपासच्या गावांत पटकीची साथ शिरली. बोरसवाडीनं रिवाजाप्रमाणे गाव बांधायला काढलं. शिवेभोवती हळदीचं सूत फिरवायचं, मग पाच दिवस आतलं माणूस बाहेर नाही की बाहेरचं आत नाही. सुताची टोकं जुळायला हातभर अंतर उरलं होतं, आणि नेमकी तेव्हाच गिरजा सुईण बंगल्याकडं धावली. तिची सून भामा अडली होती. पोर पोटात आडवं होतं, आणि गावातली निम्मी माणसं ज्या हातांनी जन्माला आणली ते गिरजेचे हात आपल्याच सुनेपाशी चालेनात.

इदितबाईच्या मांडीवर रूथ तापानं फणफणली होती. बाईनं लेकीला नवऱ्याच्या हाती दिलं, दोघांचं काहीतरी हळू बोलणं झालं, आणि ती निघाली.

शिवेवर रावजी पाटलांनी तिला अडवलं. "बाई, आत आलात तर पाच दिस भाईर जाता यायचं न्हाई. इचार करा."

तिनं एकदा वळून बंगल्याकडं पाहिलं आणि आत पाऊल टाकलं. मागं सुताला गाठ बसली.

"गिरजाबाई," हात धुता धुता ती म्हणाली, "बंगल्यापुढच्या चिंचेवर साहेब रूथची खूण बांधतील. काही दिसलं तर मला लगेच सांगा."

दुसऱ्या दिवशी सकाळी गिरजा पाण्याला बाहेर आली आणि तिच्या हातची घागर निसटली. चिंचेवर पांढरं फडकं उडत होतं. पांढरं कापड घरात कधी लागतं, हे गिरजेला कुणी सांगायला नको होतं. पोर गेली. आता सांगावं, तर बाई सूत तोडून पळणार आणि भामा जाणार. न सांगावं, तर आईला लेकीचं शेवटचं तोंडही दिसणार नाही.

"काही दिसलं?" आतून बाईनं विचारलं.

"न्हाई बाई. काय बी न्हाई."

असं म्हणतात, की त्या दिवशी बाईनं तीनदा विचारलं आणि तीनदा गिरजा खोटं बोलली. दर खेपेला बाईचा चेहरा आणखी उतरायचा, पण भामाच्या पोटावरचे हात थांबले नाहीत. बोटाबोटानं ती पोटातलं पोर फिरवत राहिली. गिरजेला तिच्याकडं बघवेना.

दिवस कलता कलता पोर फिरलं आणि जन्मलं. असं म्हणतात, की त्याचं रडणं पार टेकाडावरच्या बंगल्यात ऐकू गेलं. भामानं डोळे उघडून पाणी मागितलं, तशी गिरजेनं बाईचे पाय धरले.

"मला जोड्यानं मारा, बाई. फडकं सकाळीच लागलंय. पांढरं. तुमची लेक गेली, आन् मी सुनेपायी गप बसले."

"पांढरं?" इदितबाई मटकन खाली बसली. हसायलाही लागली आणि रडायलाही. "ताप उतरला की पांढरं बांधायचं, असं आमचं ठरलं होतं. आमच्याकडं नवरीसुद्धा पांढरं नेसते." मग म्हणाली, "तुम्ही 'काही नाही' म्हणत होता, आणि मी मनात तिला तीनदा पुरलं."

ती रागावली असती तर बरं झालं असतं, असं गिरजा मरेपर्यंत सांगायची.

बाईला लेकीकडं जाता यावं म्हणून पाटलांनी सूत तोडायला विळा काढला. बाईनं त्यांचा हात धरला. "गाव बांधलंय ना? राहू द्या." उरलेले तीन दिवस ती रोज सुताच्या अलीकडं उभी राहायची आणि पलीकडून साहेब रूथला उंच धरून दाखवायचे. असं म्हणतात, की पटकी त्या सुतापर्यंत आली आणि मागं फिरली.

पुढं ते कुटुंब मायदेशी गेलं, बंगलाही पडला. चिंच मात्र आहे. बोरसवाडीत आजही बाळंतीण सुखरूप सुटली की सासूच स्वतःच्या हातानं त्या चिंचेवर पांढरं फडकं बांधते, आणि बांधायला घटकाभरही उशीर करत नाही. परगावचा पाहुणा ते बघून डोक्यावरची टोपी काढतो, कोण गेलं म्हणून दबक्या आवाजात विचारतो. गाव त्याच्या हातावर गूळ ठेवतं.

"कुनी गेलं न्हाई, पाव्हणं. इदितबाईची लेक बरी हाय."