चारशे पोथ्यांचा गठ्ठा

पोथ्यांचा यापारी नेमाशेटनं राजाच्या तोंडावर रोखठोक सांगितलं, घेनार असाल तर आक्खा गठ्ठा घ्या, न्हाई तर एक पान बी मिळनार न्हाई.

गठ्ठा म्हंजी चारशे पोथ्या. दरसाल परतेक पोथीचा नवा भाग निघायचा, आनि शेट बारा गाड्या भरून बोरगडच्या पाठशाळेत आनून टाकायचा. पैल्या साली त्येनं बदल्यात एक कोठार तांदूळ मागितला. दुसऱ्या साली दोन. औंदा म्हनला, पाठशाळेच्या मुदपाकखान्यातला समदा. म्हंजी तीनशे पोरांनी पोथ्या चाटून दिस काढायचे!

अमृतदेव राजा सोता पाठशाळेत येऊन बसला. पंडितांना म्हनला, बाबांनो, ह्यातल्या लागतात कोंच्या ते सांगा. पंडित कसले वस्ताद! एक म्हनला समद्या लागतात. दुसरा म्हनला, आज नसंल लागत, पन उद्या लागली तर काय करायचं? थोरले त्र्यंबकशास्त्री तर छातीवर हात ठिऊन म्हनले, "महाराज, 'ग्रहगती' ही पोथी म्हणजे माझा श्वास. ती बंद झाली तर मी जगणार नाही."

तवा मागं कोन तरी फिस्सकन हसलं.

ती भिवरा. पोथ्या झाडायच्या, फडक्यात बांधायच्या, फळीवर ठिवायच्या, ह्ये तिचं काम. अक्षराची वळख न्हाई, पन जिभेपुढं खुरपं बोथट.

राजा भडकला. "का गं हसलीस?"

"शास्त्रीबुवा वरीसभर श्वास न घेता जगले, म्हनून हसू आलं, म्हाराज."

राजा मुलखाचा हट्टी. म्हनला, एवढी शानी हायेस तर आइक. आजपासून गठ्ठा बंद. शेटला तांदळाचा दाना द्यायचा न्हाई. पन पंडित ज्या पोथ्या खरंच वाचतात, त्येंचा औंदाचा भाग तीन दिसांत त्येंच्या म्होरं आला पायजे. एक जरी कमी पडली, तर पाठशाळेमागचं तुझं घर मोडून तुला नवऱ्यासकट येशीभाईर घालवीन!

भिवराचा नवरा सुभाना डोस्क्याला हात लावून उंबऱ्यात बसला. गप बसली असतीस तर काय तुझं तोंड झिजलं असतं का, म्हनला. भिवरा म्हनली, रडायचं असंल तर गाडीत बसून रड, पन आदी बैल जुंप.

तिसऱ्या दिशी राजा आला. शेट आला, मिशीला पीळ देत. भिवरानं दोघांना फळीपाशी नेलं.

"म्हाराज, दसऱ्याला पूजा झाली की समद्या पोथ्या मी नव्यानं बांधते. त्येनंतर निसतं वरनं झाडायचं, गाठीला हात लावायचा न्हाई. माझी गाठ बैलाच्या दाव्याची. ह्या पंडितांना ती सोडता येती, पन बांधता येत न्हाई. त्ये फडकं गुंडाळत्यात आनि टोक आत खुपसत्यात. आता बघा, माझी गाठ कुठं कुठं सुटलीया."

राजानं एक एक पोथी हातात घिऊन बघितली. चारशेतल्या सतरा सुटलेल्या. बाकी समद्या जशाच्या तशा. 'ग्रहगती'च्या गाठीवर तर कुंभारीन माशीनं मातीचं घर बांधलं व्हतं, आनि पिल्लं वाढवून ती उडून बी गेली व्हती! त्र्यंबकशास्त्री आढ्याकडं बघत बसले.

नेमाशेट मातर हसला. "सतराच हव्यात? घ्या की. पण सुट्या सतरा पोथ्या आख्ख्या गठ्ठ्याहून महाग पडतील!"

"आता गं भिवरे?" राजा म्हनला.

भिवरानं कोपऱ्यातली बांबूची पाटी वढली. वरचं फडकं काढलं. आत सतरा बाडं. राजानं वरचं उघडलं आनि चपापला. औंदाचाच भाग! शेट वरडला, चोरी केली, चोरी!

"चोरी कसली? म्हाराज, ह्यो शेट सोता काय लिवतो का? लिवत्यात ह्येच पंडित, आनि पल्याडच्या वडगावच्या पाठशाळेतले पंडित. लिवलेलं बांधून शेटच्या गाडीत ठिवते ती मीच. शेट बदल्यात काय देतो, ते तेवढं शास्त्रीबुवांना इचारा."

राजानं इचारलं. शास्त्री खाली बघत म्हनले, "काही नाही, महाराज. उलट इतरांनी लिहिलेलं तपासूनही आम्हीच देतो."

"आणि त्याचं काय घेता?"

"मानाचं काम आहे ते."

"म्हंजी म्हस आपली, वैरन आपली, धार आपन काढायची, दूध गाळून बी आपनच द्यायचं," भिवरा म्हनली, "आनि शेटनं चरवीवर झाकन ठिऊन तेच दूध आपल्याला इकायचं! अवो, लिवनारा परतेक जन पैला खर्डा घरी ठिवतो. अकरा हितल्या पंडितीनबायांनी मागल्या दारानं काढून दिले. एक तर लोनच्याच्या बरनीखाली घातला व्हता. सहा वडगावास्नं आमच्या मालकांनी गाडीतनं आनले. त्येंनी तर हसत दिले, त्येंच्या बी मानगुटीवर ह्योच शेट बसलाय. म्हनले, तुमचं आमाला देत जावा, आमचं तुमी नेत जावा. पाठशाळेतली पोरं रोज एकच श्लोक शंभरदा गिरवत्यात. त्यापरीस ह्या खर्ड्यांच्या नकला करू द्या. अक्षर सुधरंल आनि पोथ्या बी व्हतील."

शेटला घाम फुटला. निम्म्या तांदळात देतो म्हनला. मग पावपट. शेवटी हात जोडून म्हनला, "फुकट घ्या, महाराज! फक्त बोरगडानं गठ्ठा सोडला, हे बाकीच्या राजांना कळू देऊ नका."

राजानं भिवराकडं बघितलं.

"घिऊ की," भिवरा म्हनली. "पन मग झाडायला बाई तुमची धाडा शेटजी, आनि वाचायला मानसं बी तुमचीच!"

राजा असा हसला, असा हसला, की डोईचा मंदिल घसरून मांडीवर पडला. पंडित बी तोंडावर उपरनं धरून हसाय लागले. राजानं भिवराला दुभती म्हस दिली, घराला पक्क्या भिंती बांधून दिल्या, आनि ग्रंथशाळेची किल्ली तिच्या कमरेला लावली. हुकूमच सुटला, की हितनं म्होरं कोंची पोथी आत यायची, ते पंडितांनी आदी भिवराला पटवून द्यायचं.